उरलेलं ते काठात

३ ऑगस्ट, रवि.

मोतीबिंदू काढल्यानंतरचे डोळ्यातले थेंब आजपासून बंद. उजव्या डोळ्यावरचा पडदा कुणीतरी ओढून घेतल्यासारखं वाटतंय. पहिलं काय नीट दिसलं, तर हिच्या साडीचा काठ. इतके महिने निळा समजत होतो, जांभळा निघाला. हिला सांगितलं तर म्हणाली, "डोळे चांगले होते तवा तरी कुठं बघत होता?" डॉक्टरांचे आभार. हिचेही.

दुपारी ऋतुजानं माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढायला लावली. नात म्हणून सवलत, नाहीतर त्या ट्रंकेला मी कुणाला हात लावू देत नाही. माझे जुने ग्राफ. शहापुरात विणकरांच्या मागांसाठी डिझाईन काढायचो तेव्हाचे. काठ, पदर, बुट्ट्या; एकेक घर ब्रशनं भरलेलं. भरलेलं घर म्हणजे तिथं उभा धागा वर, रिकामं म्हणजे खाली. तेहतीस वर्षं एवढंच केलं. घरं भरली.

ऋ. जमिनीवर मांडी घालून एकेक कागद उलगडत होती. "आप्पा, हे सगळे पिक्सेल हाईत की ओ!"

"ते रुईफूल आहे," म्हटलं.

"तेच की!"

दोघांचंही बरोबर असावं.

५ ऑगस्ट, मंगळ.

ऋ.चं वरच्या खोलीत काय चाललंय ते आज नीट समजून घेतलं. फेब्रुवारीत पुण्याची नोकरी सोडून आली, तेव्हापासून ती आणि संगमेश मिळून एक गेम करताहेत. संगमेश गोकाकचा, कॉलेजात तिच्या वर्गात होता. गेममध्ये एक मुलगी सुटलेला धागा हातात घेऊन गल्ल्यांतून हिंडते. धागा जिथं जुळेल त्या गल्लीला रंग येतो. गल्ली म्हणजे चौकोनी फरश्या जोडलेल्या. एक फरशी काढायची आणि शंभर ठिकाणी लावायची. तिला टाइल म्हणतात. रस्त्याची टाइल, भिंतीची, गटारीची, तुळशीवृंदावनाची. "तुमची बुट्टी जशी परत परत येते ना, तसंच," म्हणाली.

ऑगस्टअखेर गेम बेंगळूरच्या एका मेळाव्याला पाठवायचा आहे. निवडला तर ती वर्षभर इथंच राहून पुरा करणार. नाही निवडला तर एक ऑक्टोबरला पुण्यात नव्या ऑफिसात हजर. ते पत्र येऊन पडलंय. सुहास आणि तिच्यात तसं ठरलंय. बाप-लेकीचं ठरलेलं. मी मध्ये बोलत नाही. (बोलावंसं वाटतं. इथं लिहून ठेवतो: ती राहावी.)

"आप्पा, टाइली तुम्ही काढशिला?"

ही स्वयंपाकघरातून, "डोळा आत्ता कुठं उघडलाय, लगीच घाला कामाला."

तोवर मी हो म्हणून बसलो होतो.

७ ऑगस्ट, गुरु.

ट्रंकेत कोऱ्या आखीव कागदांचा एक अख्खा गठ्ठा निघाला. कडा पिवळ्या, आखणी शाबूत. देवानं राखून ठेवला म्हणायचा. चोवीस आडवी, चोवीस उभी, एवढ्या घरांत एक टाइल बसवायची.

आज चार झाल्या. पेन्सिल हातात धरली की शाळेतलं तोंडात येतं, त्याला इलाज नाही. यमाताराजभानसलगं. गुरुजी मागं हात बांधून बाकांमधून फिरायचे आणि टेबलावर लघु-गुरु वाजवून घ्यायचे. मी पुढं जे तेहतीस वर्षं केलं ते लघु-गुरूच. रिकामं घर, भरलं घर. शाळा सातवीला सुटली पण वृत्त सुटलं नाही. गुरुजींचं हे देणं मी त्यांना कधी सांगितलंच नाही.

भुजंगप्रयातात आपसूक दोन ओळी झाल्या:

घरे मोजुनी रंगवावी कळी ती
चुके एक तेव्हा रुसे पाकळी ती

ऋ.ला म्हणून दाखवल्या. तिनं फोनवर उतरवून घेतल्या. "गेमच्या सुरुवातीला टाकतो," म्हणाली. ती 'टाकतो', 'करतो' म्हणते. आमच्याकडच्या सगळ्या मुली म्हणतात. पुण्याच्या ऑफिसात त्यावरून हसायचे म्हणे. पहिल्या महिन्यात तर ती कमी बोलू लागली होती. हे तिनं आज सहज सांगितलं, पेन्सिलीला टोक करता करता.

१० ऑगस्ट, रवि.

संगमेश आला होता. पोरगा गोड. मला अज्जा म्हणतो. मराठी बोलतो, अडला की कन्नडवर जातो. मी कन्नडात अडलो की मराठीवर येतो. वाटेत कुठंतरी भेट होते.

त्याचं म्हणणं असं: गेम फोनवर चालणार, मेळाव्यात भिंतीएवढ्या पडद्यावरही चालणार. घरं भरून काढलेलं चित्र मोठं केलं की चौकोन दिसतात, लहान केलं की मोडतं. त्यापेक्षा सगळं वेक्टर करू.

"कॅम्पातला कोण रं हा व्हिक्टर?" हिनं चहा ठेवता ठेवता विचारलं.

"व्हिक्टर न्हवं आज्जी, वेक्टर." मग त्यानं मला करून दाखवलं. घरं नाहीतच. चार-पाच खुणा ठेवायच्या आणि खुणांमधून रेघ कशी वळेल ते सांगायचं. बोटाएवढं करा, देवळाएवढं करा, रेघ तशीच्या तशी नितळ.

विचार करत बसलो. आई जात्यावर म्हणायची ती ओवी अशीच. अक्षरं मोजलेली नाहीत. दळण जास्त असलं की ओढून म्हणायची, कमी असलं की आखडती घ्यायची, पण ओवी ती ओवीच. संगमेशचं वेक्टर म्हणजे ओवी. माझं ते गणवृत्त, जागच्या जागी. त्याला हे सांगितलं. त्यानं ऋ.कडं बघितलं. ऋ. म्हणाली, "बरोबर सांगालेत आप्पा. ऐक."

पण ठरलं काही नाही. ती म्हणते चौकोन, तो म्हणतो वेक्टर. "आधी आप्पांच्या टाइली पडद्यावर बघू, मग भांडू."

१४ ऑगस्ट, गुरु.

आज वाईट झालं.

एकसष्ट टाइली झाल्या होत्या. ऋ. गेले तीन दिवस घर मोजून घर, रंग बघून रंग, सगळ्या कंप्युटरात भरत होती. दुपारी हाक मारली. वर गेलो. पडद्यावर माझा मोर.

मोर कसला. बदक. मान आखूड, पोट बसलेलं. तुळशीवृंदावन दाबून बसवल्यासारखं. कर्वती काठाचे दाते बुटके. सगळंच कुणीतरी वरून हात ठेवून चेपलेलं.

"तू चुकलीस मोजायला," म्हणालो. आवाज चढला असावा. तिनं शांतपणे कागद पडद्याशेजारी धरला. चोवीस घरं आडवी, चोवीस उभी. एकही चूक नव्हती.

खाली आलो. जेवलो नाही.

१५ ऑगस्ट, शुक्र.

सकाळी शहापूर. परशरामकडं. त्याचे दोन माग अजून चालतात. माझी किती डिझाईनं त्यानं विणली त्याला हिशेब नाही. कागद त्याच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. तो हसतच सुटला. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"मास्तर, मागावर चौकोन कवा चौकोनी असतोय व्हय?"

मला तिथंच बसावंसं वाटलं. खरंच की. आमचा ग्राफ मागासाठी आखलेला. उभे धागे दाट, आडवे विरळ. म्हणून कागदावरचं घर रुंदीला कमी, उंचीला जास्त. रुंदी तीन तर उंची चार. त्यामुळं कागदावर जसं दिसतं तसंच कापडावर उतरतं. ही गोष्ट मी इतक्या जणांना शिकवली आणि माझ्याच डोळ्याला त्या उभट घरांची इतकी सवय, की मी त्यांना चौकोन म्हणत होतो. कंप्युटरातलं घर खरोखरीचं चौकोनी. मोर त्यात बसवला, तर खाली बसणारच.

परशरामनं चहा पाजला. जाताना म्हणाला, "नात मागाचं चित्र फोनात घालाल्या म्हणतासा. लई झालं की. आमच्या पोरास्नी माग म्हणजे काय ते बी सांगावं लागतंय."

घरी येऊन ऋ.ला सगळं सांगितलं. कालच्या आवाजाबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "आप्पा, मला लई भारी वाटालंय हे. घर चौकोनी नसतंय! कॉलेजात कुणी सांगितलं न्हाय." मी चुकलो होतो आणि आनंद तिला होत होता.

१६ ऑगस्ट, शनि.

संगमेश म्हणाला, सोपं आहे, उंचीला ताणू. चोवीसचे बत्तीस करू. केलं. मोर उभा राहिला, पण दाते बिघडले. दोन पायऱ्या बारीक, तिसरी जाड. दोन बारीक, तिसरी जाड. एका घराची दोन करता येतात, तीन करता येतात, सव्वा किंवा दीड करता येत नाही. कंप्युटर मग कुठल्यातरी ओळीचीच दोन करतो आणि बाकीच्या तशाच ठेवतो. लघूचा दीड लघू होत नाही, चाल तुटते. हे मला कुणी समजवावं लागलं नाही.

"म्हणून म्हणत होतो, वेक्टर," संगमेश. टोचून नव्हे, काळजीनं. पंधरा दिवस उरलेत.

ऋ. म्हणाली, "वेक्टर करून बघू."

एकसष्ट कागद गोळा करून परत गठ्ठा बांधला. हिनं सुतळी आणून दिली.

१९ ऑगस्ट, मंगळ.

तीन दिवस दोघं वेक्टर करताहेत. माझ्या कागदावरून रेघा ओढून. मी नुसता बघतो.

खरं लिहायचं तर, कोयरी पाहून हरखलो. आयुष्यभर कोयरीचं पोट मी पायऱ्यापायऱ्यांनी चढवलं. लांबून गोल दिसायचं, जवळून जिना. इथं ती एका दमात वळली. मनात जशी होती तशी. संगमेशला म्हटलं, "बाळा, ही मला तेहतीस वर्षं काढता आली नव्हती." तो लाजला.

पण कर्वत मात्र साबणानं धुतल्यासारखी. फोनवर लहान केली तर दाते झिजलेले, कडा धुरकट. कर्वतीला नितळपणा मानवत नाही. ती पायरीनंच जन्मली.

आणि आणखी एक. मोठ्या पडद्यावर गल्ली दिसत होती, तिच्यात मला बारीक काळी ओळ दिसली. "इथं धागा सुटलाय," म्हटलं.

"अज्जा, कंप्युटर हाय ते. धागा कुठला?"

"सुटलाय. हे बघ, इथं. आणि इथं."

त्यानं चित्र मोठं केलं, लहान केलं. दोन टाइलींच्या मध्ये केसाएवढी फट, मागचा काळोख डोकावतोय. मापं पूर्णांकात येत नाहीत तेव्हा कडा पुरत्या भिडत नाहीत म्हणे. दोघांना तीन दिवस दिसली नव्हती. "अज्जा, कण्ण चलो अदाव!" म्हणून त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. डोळे चांगले आहेत, म्हणाला. मोतीबिंदूवाल्याला आणि काय पाहिजे?

फट बुजवता येते म्हणे, कडा एकमेकींवर जरा चढवून. पण ऋ. कोयरी आणि कर्वत, दोन्हीकडं आळीपाळीनं बघत बसली होती.

२० ऑगस्ट, बुध.

चहाच्या वेळी ऋ. खाली आली. "आप्पा, परत काढशिला? खऱ्या चौकोनांत?"

"सगळ्या?"

"सगळ्या. अकरा दिवस हाईत. मला ते हाताचंच पाहिजे. पायऱ्या दिसल्या तर दिसू देत, पायऱ्या हाईतच की."

संगमेशचं तोंड पडलेलं. "आणि पडद्याचं माप? फोन वेगळा, टीव्ही वेगळा. तिथं काय करायचं, ते सांग की." ती म्हणाली, ते बघू.

गल्लीच्या तोंडाशी वह्या-पुस्तकांचं दुकान. चौकडीची वही मागितली. पोरं बेरजा करतात ती.

"कितवीला हाय नातू?"

"पहिलीला," म्हटलं. खोटं नव्हे. मी पहिलीलाच आहे.

वहीतली घरं पट्टीनं मोजून घेतली. दोन्हीकडून सारखी. दुकानदार बघत होता.

२२ ऑगस्ट, शुक्र.

हात अडखळतो. तेहतीस वर्षांची सवय उभट घराची. चौकोनी घरात मोर काढायचा तर मान किती घरांची, शेपूट किती घरांची, सगळं नव्यानं मोजायचं. आठ झाल्या. तीन फाडल्या. कोयरी सोडून दिली; चोवीस घरांत ती बटाटा होते. ऋ. म्हणाली गेमच्या नावाच्या पानावर संगमेशची वेक्टर कोयरी ठेवू, एकटीच, मोठी. बरं वाटलं. तिला तरी मोकळं वळू दे.

हिनं आज माझ्या शेजारी पाट टाकून बसून रंग भरायला घेतले. न विचारता. मी रेघ मारायची, आत हिनं भरायचं. "लुगडी नेसून नेसून मला बी कळतंय की कुठला रंग कुठं," म्हणाली. निपाणी हिचं माहेर; लग्नात तिच्या वडिलांनी दिलेल्या साडीचा काठ माझ्या हातचा होता, हे आम्हा दोघांनाही लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं. आज भरताना तिनंच ते काढलं. हसत होती.

२४ ऑगस्ट, रवि.

सुहासला सुट्टी. मच्छे गावातल्या कारखान्यात तो यंत्राच्या भागांची मापं तपासतो. केसाच्या जाडीवर त्याचा दिवस जातो. वहीवर वाकून बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता डोळ्यांवरून बोलणार.

"आप्पा, हा दाता एक घर जास्त झालाय."

मोजलं. झाला होता.

खोडरबर त्यानंच शोधून दिलं. मग जिन्यात ऋ.ला म्हणाला ते ऐकू आलं: "ठरलंय ते ठरलंय हं. पण जेवून करा काय करायचं ते." ती म्हणाली, "व्हय, पप्पा." एवढंच. पण दोन महिन्यांत दोघांत एवढंही बोलणं झालं नव्हतं.

२६ ऑगस्ट, मंगळ.

उद्या गणपती. घरात पसारा. त्यातच हा दिवस आला. विसरू नये म्हणून सगळं लिहितो.

चौकोनी टाइली आता सुरेख दिसतात. दुप्पट, तिप्पट, चौपट, कितीही करा, दाते शाबूत, फट नाही. पण पूर्ण पटीतच वाढवायचं म्हटलं की पडदा नेमका भरत नाही. फोनवर तिप्पट बसतं, चौपट मावत नाही. मग तिप्पट करून कडेनं जागा उरते. तिथं काळ्या पट्ट्या. संगमेश म्हणाला, "फोनवर काळी पट्टी लई वाईट दिसते अज्जा. मेळाव्यातले लोक पहिल्यांदा तेच बघतील." ऋ. नखं कुरतडत होती. पाच दिवस उरलेत, आणि तिच्या चेहऱ्यावर पुणे दिसत होतं.

मी म्हटलं, "किती उरतंय?"

"प्रत्येक फोनला वेगळं. कुठं थोडं, कुठं बोटभर."

"मग काठात घाला की."

दोघं माझ्याकडं बघायला लागले.

मग सांगितलं: अगं, साडीचं मधलं अंग आखताना आम्ही बुट्टी कधी अर्धी कापत नाही. पुऱ्या बसतील तेवढ्या बसवायच्या. उरलेलं अंग काठात घालायचं. कुठल्या मागाची रुंदी किती, धागे ओवायची फणी किती, त्यावर काठ कमी-जास्त होतो. बुट्टीला धक्का लागत नाही. नेसणाऱ्या बाईला कधी कळत नाही की काठ रुंद आहे तो उरलं म्हणून. ती म्हणते, काय सुंदर काठ आहे!

ऋ. उठून उभी राहिली. "संगम्या!"

"ऐकालोय."

काठाच्या आतल्या अंगाला माझी कर्वत, घरं मोजून, पूर्ण पटीत. तिच्या बाहेर नुसत्या उभ्या रेघा: जांभळी, पिवळी, जांभळी. त्या रेघांना घरं नाहीत, लागेल तेवढ्या ताणायच्या. रेघा संगमेशनं वेक्टरमध्ये केल्या. लहान फोनवर काठ अरुंद, टीव्हीवर चांगला हातभर. मध्ये वृत्त, भोवती ओवी. हे मी मोठ्यानं म्हणालो, आणि या वेळी संगमेशनं ऋ.कडं बघितलं नाही, मान हलवली.

खाली येऊन हिला सांगितलं. "एवढं सांगायला तुमास्नी पंधरा दिवस लागले?" म्हणाली. तिचंही बरोबर. पण कुणी विचारल्याशिवाय आपल्याला काय काय येतं ते आपल्यालाच ठाऊक नसतं. विचारणारी माणसं या वयात घरात आहेत.

३१ ऑगस्ट, रवि.

गौरी आल्या. गेम गेला. दुपारी सव्वाचारला ऋ.नं बटण दाबलं. मी, ही, संगमेश आणि सुहास मागं उभे. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. "मिळालं म्हणालेत," संगमेश.

कारागिरांच्या नावात माझं नाव घातलंय. हिचंही, 'रंग' म्हणून. हिला दाखवलं तर म्हणाली, "माझं स्पेलिंग चुकलंय." खरंच चुकलं होतं. पाठवून झाल्यावर दिसलं. ऋ. कपाळाला हात लावून हसत बसली, थांबेना.

७ सप्टेंबर, रवि.

गणपती गेले. घर रिकामं वाटतं.

सुहास दारात चप्पल घालता घालता हळूच म्हणाला, "आप्पा, तिसऱ्या गल्लीत अडकलोय. धागा भिंतीपलीकडं कसा न्यायचा? तिला विचारू नका." म्हणजे कारखान्याला जाता-येता बसमध्ये खेळतो. सांगितलं: तुळशीला वळसा घाल. फोन वर करून दाखवला मला. उन्हात, भर रस्त्यात, माझ्या मुलाच्या हातात माझी कर्वत. असं सुख कुणाच्या वाट्याला येतं, मला माहीत नाही. माझ्या आलं.

१२ सप्टेंबर, शुक्र.

मेळाव्याला निवडलेल्यांची यादी आज लागणार होती. लागली नाही. पुढच्या आठवड्यात म्हणे.

पुण्याहून फोन. येणार की नाही ते कळवा. ऋ. गच्चीवर जाऊन बोलली. परत आली. भाजी निवडायला बसली.

मी माझ्या मनाला बजावलं: निवडला नाही तरी चाळीस दिवस मिळाले. फुकटचे. आजोबाला नात एवढी कुठं मिळते? सणाला येते, पाया पडते, फोनवर बोलत निघून जाते. आम्ही एकत्र चुकलो, एकत्र खोडलं. मन मान डोलावतं. मग परत विचारतं, पण राहील का?

१५ सप्टेंबर, सोम.

यादी नाही. सुहासनं जेवताना विषय काढला. "पुण्याला कळवलंस का?"

"उद्या कळवतो."

"काय?"

"उद्या बघू."

त्यानं पुढं ताणलं नाही. ताट उचलून नेऊन ठेवलं, तिचंही. हे नवीन आहे.

१७ सप्टेंबर, बुध.

यादी अजून नाही. पुण्याला कळवलं की नाही, माहीत नाही. कालचा दिवस सरला, तिनं काही सांगितलं नाही.

सकाळी मी वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. ऋ. आली, समोर बसली, चौकडीची नवी कोरी वही पुढं सरकवली. पेन्सिलीला टोक केलेलं होतं.

"आप्पा, पाणी काढशिला?"

"कसलं पाणी?"

"चौथ्या गल्लीनंतर तळं घ्यायचंय. पण पाणी हललं पाहिजे. एकच टाइल चारदा काढायची, दर वेळी जरा वेगळी. एकामागून एक दाखवली की हलतंय असं वाटतं."

चौथ्या गल्लीनंतर पाठवलेल्या गेममध्ये काही नाही. गेम तिथं संपतो. हे तिलाही ठाऊक आहे, मलाही. तळं म्हणजे पुढचं काम. महिन्यांचं.

विचारावं असं ओठावर आलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. वहीचं पहिलं पान हातानं सपाट करत होती, पुन्हा पुन्हा, सपाट झालेलं असूनही.

तेहतीस वर्षांत मी पाणी काढलं नव्हतं. मागावर पाणी कुणी मागत नाही. आणि हलणारं तर काहीच नाही. माझं सगळं जागच्या जागी.

"लाट कुठून कुठं जाते, डावीकडनं का उजवीकडनं?" एवढंच विचारलं.

"तुम्ही सांगा की."

पहिलं घर भरलं.